एक जीबीपीएसचा प्लॅन आणि मधली नऊ इंची भिंत

गेल्या जूनमध्ये ताईचा फोन आला. "एक जीबीपीएसचं घेऊन टाकू का रे? कंपनीचा माणूस म्हणतोय, तुमच्या घरात वापर जास्त आहे, शंभरात भागणार नाही."

घरात पाच माणसं आणि पाचही जणांची नेटबद्दल वेगळी तक्रार. भाऊजींचा संध्याकाळी साडेसातचा अमेरिकेतल्या टीमबरोबरचा कॉल तुटायचा. भाच्याच्या गेममध्ये लॅग यायचा, म्हणजे बटण दाबलं की खेळ उशिरा हलायचा. भाची लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. तिच्या फाइली अपलोड व्हायला रात्र पुरायची नाही. ताईच्या सासूबाई, म्हणजे काकू, दर रविवारी न्यू जर्सीतल्या धाकट्या लेकाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यात त्याचा चेहरा थिजायचा आणि आवाज मागून यायचा. ताईचं स्वतःचं गाऱ्हाणं एवढंच, की ती बँकेतून घरी आली की चौघंही नेटच्या तक्रारी तिच्यापुढे मांडतात, कारण बिल तिच्या नावावर येतं.

मी ऑफिसांची, दवाखान्यांची आणि लहान कारखान्यांची नेटवर्कं बसवतो. "नेट स्लो आहे" हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. ते "पोटात दुखतंय"सारखं आहे. दुखणं खरं असतं, पण ते कशामुळे हे त्या वाक्यावरून कळत नाही. ताईला म्हटलं, आठ दिवस दे, मग ठरवू.

आधी पैशांचं बोलतो, कारण निर्णय शेवटी त्याचाच होता. नेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात, आणि एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस. त्यांचा 100 एमबीपीएसचा प्लॅन महिन्याला 699 रुपयांचा, 1 जीबीपीएसचा 3,999 चा. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. फरक महिन्याला 3,894 रुपये, वर्षाला 46,728. एवढ्या पैशात एक बरा लॅपटॉप येतो. फरक शे-दोनशे रुपयांचा असता तर मीही "घेऊन टाक" म्हणालो असतो आणि हे लिहायची वेळ आली नसती.

घर

घर एरंडवण्यात, चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधल्या भिंतीत दार पाडलेलं आहे. पुण्यात अशी जोडघरं बरीच दिसतात. पुढच्या फ्लॅटमध्ये हॉल, स्वयंपाकघर आणि भाऊजींची कामाची खोली. मागच्यात काकू, भाची आणि भाचा. दोन्हींमधली भिंत नऊ इंची, विटांची, आणि दार पाडताना वर लोखंडी गर्डर टाकलेला.

फायबरची वायर हॉलमध्ये येते. राऊटर टीव्हीच्या युनिटमध्ये अगदी खालच्या कप्प्यात, काचेच्या सरकत्या दारामागे होता. त्याच्यावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, लिंबोणी रंगाचा, कडेला पांढरी वेल. धूळ बसू नये म्हणून. सुती रुमालाने वाय-फाय अडत नाही, पण राऊटरची सगळी जाळी त्याखाली झाकली गेली होती. मी हात लावला तर डबा चहाच्या कपासारखा गरम. काच, मागे टीव्हीचा पत्रा, शेजारी सेट-टॉप बॉक्स, जमिनीपासून वीतभर उंची. घरातल्या सगळ्यात वाईट जागी तो ठेवलेला होता, आणि यात घरच्यांचा काही दोष नव्हता. कनेक्शन द्यायला आलेल्या माणसाला फायबर जिथे सोपं पडलं तिथे त्याने डबा ठेवला, हॉलमध्ये उभं राहून स्पीड टेस्ट दाखवली आणि सही घेतली. आपल्याकडे बहुतेक घरांत हे असंच होतं.

मोजणी

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला, म्हणजे राऊटरच्या आधी फायबरची वायर जिथे संपते त्या डब्याला, जोडला. 94 एमबीपीएस, वर आणि खाली दोन्हीकडे. शंभराच्या प्लॅनवर तारेने एवढंच मिळतं. उरलेला थोडा भाग डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांत जातो. म्हणजे कंपनी जे विकत होती ते दारापर्यंत नीट पोचत होतं. हॉलमध्ये सोफ्यावर बसून वाय-फायवर 88. भाऊजींच्या खोलीत 30 ते 40, सतत खालीवर. भाचीच्या टेबलाशी डाउनलोड 11, अपलोड 7. काकूंच्या पलंगावर बसून पाच, कधी सहा, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना एक.

इथेच मला अर्धं उत्तर मिळालं होतं, पण भाऊजींना आकडे पाहूनही पटेना. "अरे, शंभराचे मागे जाईपर्यंत सात होतात, तर हजाराचे सत्तर होतील ना?" प्रश्न रास्त आहे. नळाला प्रेशर वाढवलं तर वरच्या मजल्यावर पाणी जास्त चढतं, तसं वाटतं. पण प्लॅन बदलला की बदलतो तो फायबरमधून येणारा वेग. राऊटरच्या अँटेनाची ताकद तीच राहते, आणि तिला सरकारी नियमांनी मर्यादा घातलेली आहे. भिंतीपलीकडे सिग्नल क्षीण झाला की राऊटर आणि लॅपटॉप मिळून हळू बोलायचं ठरवतात, म्हणजे चुका होणार नाहीत. तो वेग भिंत ठरवते.

तोंडी समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं. वरच्या मजल्यावर तसंच जोडलेलं घर आहे आणि त्यांच्याकडे 500 चा प्लॅन. ताईने विचारलं, ते हो म्हणाले. त्यांचाही राऊटर हॉलमध्ये, टीव्हीपाशी. हॉलमध्ये चारशेच्या पुढे मिळाले. मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत, म्हणजे भाचीच्या खोलीच्या बरोबर वर, मिळाले 13. भाऊजींनी स्वतः तीनदा टेस्ट लावली. नंतर खाली येताना जिन्यात म्हणाले, "म्हणजे हे लोक पाचशेचे पैसे भरून तेराच वापरतायत."

पुढचा शोध मला अपेक्षित नव्हता. भाऊजींच्या खोलीत भिंतीत लॅनचं, म्हणजे तारेने नेट घ्यायचं, सॉकेट होतं, पूर्वी कधीतरी इलेक्ट्रिशियनकडून घालून घेतलेलं. नवा पातळ लॅपटॉप आल्यापासून ते पडून होतं, कारण त्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही. मी माझा लॅपटॉप लावला. नेट आलं, पण लिंक 100 ची दाखवत होता. राऊटरचा पोर्ट हजाराचा, माझा पोर्ट हजाराचा, मग वायर? सॉकेट उघडलं. आत आठांपैकी चारच तारा लावलेल्या: ऑरेंजची जोडी आणि ग्रीनची जोडी. ब्लू आणि ब्राऊनच्या जोड्या बाजूला वळवून त्यांतल्या एकीवर घरच्या लँडलाइनचं एक्स्टेन्शन घेतलेलं, दुसरी नुसती गुंडाळून ठेवलेली. त्या माणसाने आपल्या परीने शहाणपणाच केला होता. शंभराच्या लॅनला दोन जोड्या पुरतात, उरलेल्यांतून फोन नेला आणि दुसरी वायर वाचवली. पण हजाराला चारही जोड्या लागतात. एक जीबीपीएस घेतलं असतं, तरी त्या सॉकेटवर 94 च आले असते. महिन्याला चार हजार जास्त भरून आकडा तोच. मग कंपनीला फोन, तक्रार, माणूस येणार, हॉलमध्ये उभा राहून स्पीड टेस्ट दाखवणार.

वापर किती?

फायबरचा डबा आणि राऊटर यांच्यामध्ये मी माझं एक छोटं यंत्र जोडून ठेवलं. ते जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाची मिनिटामिनिटाला नोंद ठेवतं. काय पाहिलं ते त्याला दिसत नाही, किती आलं-गेलं तेवढंच. घरातल्या सगळ्यांना विचारून लावलं.

आठ दिवसांच्या आलेखात संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे सगळे घरात आणि सगळं चालू असतानाची वेळ, बहुतेक मिनिटं 10 ते 30 एमबीपीएसच्या मध्ये होती. हॉलमधल्या टीव्हीवर फोर-के सिनेमा, काकूंच्या टॅबवर मालिका, भाऊजींचा कॉल, भाच्याचा गेम, सगळं एकदम. ऐकायला फार वाटतं. पण नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी 15 एमबीपीएस आणि साध्या फुल एचडीसाठी 5 पुरेसे सांगतं. झूमचा अगदी उत्तम दर्जाचा व्हिडिओ कॉल चार एमबीपीएसच्या आत बसतो. ऑनलाइन गेम खेळताना एक एमबीपीएससुद्धा लागत नाही, कारण तिथे चित्र घरातलं यंत्र काढतं, नेटवरून फक्त कोण कुठे पळालं आणि कोणी गोळी झाडली एवढंच जातं. त्यांच्या फोर-के टीव्हीचा लॅन पोर्टसुद्धा शंभराचाच आहे. बाजारातल्या बहुतेक टीव्हींचा तसाच असतो. टीव्ही बनवणाऱ्यांनी हिशेब केलेला आहे, की याहून जास्त त्याला लागत नाही.

हे फक्त एरंडवण्यातलं चित्र नाही. 2019 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांतल्या संशोधकांना बरोबर घेऊन आपल्या 53 पत्रकारांच्या घरातला वापर मोजला होता. तिथेही लोक एका वेळी अनेक व्हिडिओ चालवूनसुद्धा घेतलेल्या वेगाचा लहानसा भागच वापरत होते, आणि जास्त वेग घेणाऱ्यांना चित्र फारसं चांगलं दिसत नव्हतं.

आमच्या आलेखाने छत गाठलं, म्हणजे नव्वदीच्या आसपास गेला, ते आठ दिवसांत अकरा वेळा. प्रत्येक वेळी कारण हॉलमध्ये बसून उतरवलेली मोठी फाइल होतं: गेमचं अपडेट, फोनचं अपडेट, लॅपटॉपचं अपडेट. भाच्याचं एक अपडेट 40 जीबीचं होतं. इथे बिट आणि बाइटचा घोळ होतो म्हणून हिशेब मांडतो. प्लॅनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. शंभराचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आत. त्या हिशेबाने 40 जीबीला पाऊण तासाहून जास्त, जवळजवळ तास लागतो. हजाराच्या प्लॅनवर ते सहा मिनिटांत होईल, जर तार, पोर्ट आणि पलीकडचा सर्व्हर तिन्ही तेवढं देत असतील तर. भाच्याचं म्हणणं, "मामा, पण तो तास मी बघत बसतो ना." त्याचं खरं आहे. त्या एका तासासाठी वर्षाला 46,728 रुपये भरायचे का, हा प्रश्न मात्र त्याच्या आईने विचारायचा आहे.

कॉल का तुटतो

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला, कारण भाऊजींची नोकरी त्यावर आहे आणि घरोघरी हाच त्रास होतो.

एका संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसून मी त्यांच्या लॅपटॉपवरून राऊटरला पिंग लावून ठेवलं. इंटरनेटला नाही, फक्त राऊटरला. म्हणजे निरोप खोलीतून हॉलमध्ये जातो आणि परत येतो, घराबाहेर पडतच नाही. तीन-चार मिलिसेकंद येत होते. साडेसातला कॉल सुरू झाला, ठीक. सात चाळीसला मागच्या खोलीत भाचीने फाइली अपलोडला लावल्या. आकडे चढायला लागले: 60, 180, 420, 700, मग दोन निरोप हरवलेच. स्क्रीनवर भाऊजींचा मॅनेजर तोंड उघडून थांबला.

फायबर त्या क्षणी जवळजवळ रिकामं होतं. भाचीचं अपलोड सातच एमबीपीएसने चाललं होतं. मग रांग लागली कुठे? हवेत.

वाय-फाय म्हणजे ग्रामसभेतला एकच माईक. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. जवळचा लॅपटॉप आपलं म्हणणं झटकन सांगून माईक सोडतो. भिंतीपलीकडचा मात्र शब्द शब्द सुटा करून, पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्याचं ऐकूच येत नाही. सांगायचं तेवढंच, पण माईक धरून ठेवतो पाच-दहापट वेळ. आणि त्याच्याकडे सांगायला साठ जीबी असतील, तर बाकीच्यांची सभा झालीच म्हणायची. त्यात हा राऊटर आणि भाऊजींचा लॅपटॉप दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या जुन्या पट्ट्यावर अडकले होते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी चॅनेलं जेमतेम तीन: 1, 6 आणि 11. इमारतीत मला तेवीस वाय-फाय दिसत होते. सगळे त्या तीन माईकांवर.

म्हणून भाऊजींचा कॉल तुटत होता तो भाचीच्या खोलीमुळे, भाचीचं अपलोड रखडत होतं ते भिंतीमुळे, आणि भाच्याचा लॅगही त्याच माईकपाशी. पाच तक्रारींचं मूळ एकच निघालं. अशा वेळी मला फार बरं वाटतं, कारण आपण उगाच कोणाला खर्चात पाडत नाही याची खात्री होते.

काकूंच्या न्यू जर्सीच्या कॉलबद्दल थोडं वेगळं सांगावं लागलं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण 12,500 किलोमीटर. फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन निदान 125 मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. बोलण्यातला तो किंचित उशीर कुठल्याही प्लॅनने जात नाही. चेहरा थिजणं मात्र घरातलंच दुखणं होतं. काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग तो बोलून झाला की मी जरा थांबून बोलू का?" हा उपाय मी सांगितला नव्हता, पण लागू पडणारा होता.

एका रविवारचं काम

भिंतीला भोक पाडणं हा मुख्य उपाय. जुना इलेक्ट्रिशियन आता येत नाही, माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा घेऊन गेलो. पहिलं भोक दाराच्या वरच्या कोपऱ्यात घेतलं आणि पाच इंचांवर बिट गर्डरला लागून किंचाळलं. फूटभर खाली सरकलो. विटेचा लाल भुगा इतका पडला की काकूंनी देवघरावर चादर टाकली. कॅट सिक्सची, म्हणजे लॅनची, नवी वायर हॉलपासून मागच्या पॅसेजपर्यंत आणि तिथून भाचीच्या टेबलापर्यंत, स्कर्टिंगवरून केसिंग पट्टीत. भाऊजींच्या सॉकेटची वायर बदलली. लँडलाइन काकूंना हवीच होती, त्यांच्या मैत्रिणींना तोच नंबर पाठ आहे. तिच्यासाठी वेगळी बारीक वायर टाकली.

क्रिम्पिंग करताना, म्हणजे वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवताना, भाची शेजारी येऊन बसली. "मामा, एक टोक मला करू दे." तिला ओळ सांगितली: व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, ब्राऊन. केसासारख्या आठ तारा चिमटीत सपाट धरून एका रेषेत कापायच्या आणि क्रम न मोडता कनेक्टरमध्ये सारायच्या. पहिल्या दोन वेळा ग्रीन आणि ब्लू उलटे गेले. तिसऱ्यांदा टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. तिच्या टेबलाजवळचं ते टोक तिने केलेलं आहे.

मागच्या पॅसेजमध्ये दुसरा वाय-फायचा डबा बसवला. पुढचा राऊटर टीव्हीच्या युनिटमधून काढून पॅसेजच्या तोंडाशी डोक्याच्या उंचीवर लावला. भाऊजींच्या लॅपटॉपला लॅनचा छोटा अडॅप्टर घेतला. क्रोशाचा रुमाल आता मागच्या डब्याखाली आहे, वर नाही. सगळा खर्च मजुरीसकट 5,600 रुपये. दोन प्लॅनमधल्या दीड महिन्याच्या फरकाहूनही कमी.

संध्याकाळी पुन्हा मोजलं. काकूंच्या पलंगावर 91. भाचीच्या टेबलाशी तारेने 94. भाच्याच्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. पिंग आठ-नऊवर स्थिर. त्याने चार सामने खेळून पाहिले आणि काहीच बोलला नाही. ताई म्हणाली, तक्रार नाही म्हणजे झालं असं समज.

भाचीचा मुद्दा

इथे प्रकरण संपलं असतं तर "शंभर पुरतात" एवढं लिहून थांबलो असतो. पण भाचीची गरज खरी आहे आणि ती झटकून टाकणं मला मान्य नाही.

एका लग्नाचं फुटेज साठ जीबीच्या आसपास असतं. सातच्या वेगाने त्याला 19 तास लागत होते. मध्ये एकदा वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तार आल्यावर ते दीड तासाच्या आत आलं. तिच्यासाठी हा बदल प्लॅनच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा होता. पण तारेमुळे नवी अडचण उभी राहिली: आता तिचं अपलोड फायबरचे सगळे 94 भरून टाकायचं, रांग हवेतून सरकून फायबरच्या डब्यापाशी लागायची आणि भाऊजींचा कॉल पुन्हा अडखळायचा. डब्यांत डेटा साठवून ठेवायची जागा गरजेपेक्षा मोठी असते. मोठी फाइल ती जागा भरते आणि मागून आलेला कॉलचा बारीकसा निरोप त्या सगळ्यामागे उभा राहतो. अपलोडच्या सॉफ्टवेअरमध्येच कमाल वेगाची मर्यादा घालता येते. ती 60 वर ठेवली. फाइल सव्वादोन तासांत जाते, कॉल चालू राहतो. मधल्या वेळात ती जेवते, किंवा दुसरं एडिटिंग करते.

तरी लगीनसराईत, एका आठवड्यात तीन-तीन लग्नं आली आणि क्लायंट रात्री अकराला "लिंक पाठवा" म्हणतात, तेव्हा सव्वादोन तास भारी पडतात. तिने स्वतः हिशेब केला: 300 चा प्लॅन 1,499 चा, जीएसटी धरून फरक महिन्याला 944. साठ जीबी सत्तावीस मिनिटांत. तिथे तो फरक कामाच्या खर्चात बसतो आणि ती तो स्वतःच्या कमाईतून भरू शकते. एक जीबीपीएस तिलाही नको होतं. फाइली घेणारे सर्व्हर क्वचितच तेवढ्या वेगाने घेतात, हे तिने मित्राच्या ऑफिसातल्या जोडणीवर करून पाहिलं होतं.

एक जीबीपीएस कोणाला लागतं? एकाच घरात तीन-चार जण रोज शेकडो जीबी वर-खाली करत असतील, घरात सर्व्हर असेल, तर लागेल. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च 2024 मध्ये ब्रॉडबँडची पायरी 100 डाउनलोड आणि 20 अपलोडवर नेली, आणि एक जीबीपीएस हे लांबचं उद्दिष्ट म्हणून ठेवलं. आपल्याकडे जानेवारी 2023 पासून किमान व्याख्या 2 एमबीपीएस आहे. त्याआधी ती 512 केबीपीएस होती. प्लॅन निवडताना मी लोकांना अपलोडचा आकडा आधी विचारायला सांगतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा, आणि घरून काम करणाऱ्याचं अडतं ते बहुधा अपलोडपाशी.

हे सगळं करताना मला 2020 चं वर्ष आठवत होतं. सिंधुदुर्गात मुलं रेंजसाठी डोंगरावर खोप बांधून ऑनलाइन तास करत होती. शून्यावरून दहा एमबीपीएसवर जाणाऱ्या घराचं आयुष्य बदलतं. शंभरावरून हजारावर जाणाऱ्याचं बहुतेक वेळा फक्त बिल बदलतं. शहरात वेग विकायला माणसं दारात येतात आणि तिकडे अजून टॉवरची वाट पाहिली जाते, याचा मला मनापासून त्रास होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मोजणीत सुटली होती, ती ताईने दाखवली. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, पण नेट बंद पडतं, आणि भाऊजींचं सकाळचं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ढकलावं लागतं. फायबरला वीज लागत नाही, डब्यांना लागते. पुढच्या डब्यांची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतली, मागच्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला.

प्लॅन 100 चाच राहिला. नोव्हेंबर-डिसेंबर भाचीने 300 घेतला, जानेवारीत परत खाली आणला, दोन्ही वेळा कंपनीच्या ॲपवरून, स्वतः. जादाचे 1,888 रुपये तिने त्या तीन लग्नांच्या बिलात "अपलोड खर्च" म्हणून वाटून लावले. ताईने ते बिल मला पाठवलं, खाली लिहिलं होतं: "वरच्या मजल्यावरचे विचारतायत, रविवारी येशील का ड्रिल घेऊन?"